मॅस्टिफ निवडताना आधी त्याचं मूळ काम विचारा

मॅस्टिफ ही एक जात नव्हे. मोठं डोकं, रुंद छाती आणि जड हाडांच्या राखणदार कुत्र्यांचं ते अख्खं गोत्र आहे. फोटो पाहून पिल्लू पसंत केलं की इथेच फसगत होते. दिसायला सख्खी भावंडं वाटणारी दोन कुत्री पिढ्यान्‌पिढ्या अगदी वेगळ्या कामांसाठी घडवलेली असतात, आणि घरात आल्यावर ती तेच काम करू पाहतात.

आधी शाखा ओळखा. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या वर्गीकरणात दुसऱ्या गटात यांच्या दोन शाखा आहेत, मॅस्टिफ धाटणीची आणि पहाडी धाटणीची. तिबेटी, स्पॅनिश आणि पायरेनियन मॅस्टिफ पहाडी शाखेत येतात. दाट केसांची ही कुत्री कळपासोबत राहायची आणि धनी जवळ नसला तरी लांडग्याला हुसकावून लावायची. त्यामुळे स्वतःच्या मनाने ठरवणं त्यांच्या रक्तात आहे. हाक मारली की धावत येईल, अशी आशा धरू नका. रात्री भुंकणं हाही त्यांचा दोष नव्हे, ती त्यांची नोकरी आहे.

आखूड केसांच्या, म्हणजे मॅस्टिफ धाटणीच्या शाखेत कामं जास्त विखुरलेली आहेत. बुलमॅस्टिफ इंग्लंडमधल्या शिकारराखणदारांनी घडवला: साधारण 60 टक्के इंग्लिश मॅस्टिफ, 40 टक्के बुलडॉग. चोरट्या शिकाऱ्याला अंधारात गाठायचं, पाडायचं आणि न फाडता दाबून धरायचं, हे त्याचं काम. म्हणून तो भुंकतो कमी आणि अंगावर रेलतो जास्त. इटलीचा काने कोर्सो शेतावर गुरं हाकणारा आणि रानडुकरामागे धावणारा. नराचं वजन 45 ते 50 किलो, अंग चपळ. त्याला रोज काम दिलं नाही तर तो स्वतःच शोधून काढतो. नापोलीचा मॅस्टिफ मात्र दारात बसून राखण करणारा, 60 ते 70 किलोचा, सैल कातडीचा. त्याच्या सुरकुत्या पुसून कोरड्या ठेवल्या नाहीत तर आत ओल राहून कातडी चिघळते. ब्राझीलचा फिला आणि जपानचा तोसा नवख्याने घेऊच नयेत. ब्रिटनमध्ये 1991च्या कायद्याने दोन्हींवर बंदी आहे, तेव्हा आधी आपल्याकडचा नियम पाहावा.

आजच्या इराकमधल्या निनवे इथल्या, अ‍ॅसिरियाचा राजा अशूरबनिपालच्या राजवाड्यातल्या, इ.स.पू. 645च्या सुमाराच्या शिल्पांत जाड मानेची शिकारी कुत्री दिसतात. त्यांच्यापासून थेट वंशावळ सांगणारा विक्रेता मात्र इतिहास नाही, पिल्लू विकत असतो. आजच्या जाती नोंदवहीत आल्या त्या अलीकडे. बुलमॅस्टिफला ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता 1924 साली मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लिश मॅस्टिफ ब्रिटनमध्ये इतके थोडे उरले की उत्तर अमेरिकेतून कुत्री आणून जात सावरावी लागली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या जातीत दोषही घट्ट बसतात. म्हणून आईबापांचे खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी मागा. अमेरिकेतली ओएफए ही प्राण्यांच्या हाडांचे दोष तपासून दाखले देणारी संस्था खुब्याचा अंतिम दाखला 24 महिन्यांनंतरच देते. आईबाप त्याहून लहान असतील तर तसा दाखला त्यांच्याकडे असूच शकत नाही.

पिल्लू घरी आल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती त्याला लवकर मोठं करण्याच्या हौसेची. हाडं दीड-दोन वर्षं वाढत असतात. वजन भराभर चढलं की कोवळ्या सांध्यांवर भार येतो. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचंच खाद्य द्या आणि वर कॅल्शियमची पावडर घालू नका. जादा कॅल्शियम शोषून घेणं रोखायला लहान पिल्लाच्या आतड्याला जमत नाही, आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. जिने, उड्या आणि लांब दौड पहिल्या वर्षी टाळा. कठीण फरशीवर बसून कोपरावर पाण्याची गाठ येते, म्हणून जाड गादी हवीच.

पट्ट्याला न ओढता चालणं आणि अनोळखी माणसांत शांत राहणं 14 आठवड्यांच्या आत सुरू करा. 20 किलोचं पिल्लू आवरता येतं, 70 किलोचा नर नाही.

एक धोका मात्र आजच पाठ करून ठेवा: पोट फुगून जठराला पीळ पडणं. ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट ताठ होतं, कुत्रा अस्वस्थपणे फेऱ्या मारतो. घरगुती उपाय करत बसू नका, काही तासांत जीव जातो. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या पशुवैद्याकडे न्या. रोजचं खाणं दोन-तीन वेळांत विभागून द्या, घाईने गिळू देऊ नका, जेवणानंतर लगेच पळवू नका. भांडं उंचावर ठेवल्याने हा धोका टळतो असं सर्रास सांगितलं जातं, पण एका मोठ्या पाहणीत उंच भांड्यांमुळे तो वाढल्याचं दिसलं. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. त्याने पोट फुगणं थांबत नाही, पण पीळ पडणं बहुतांशी टळतं.