कुंडीत पार्सली लावताय? मग थोडा दम धरा

पार्सली दिसते कोथिंबिरीसारखी, पण कोथिंबिरीसारखी आठ दिवसांत उगवेल असं समजू नका, हिला 3-4 आठवडे सहज लागतात आणि तेवढ्यात बरेच जण बी खराब निघालं म्हणून कुंडी रिकामी करून टाकतात (मी पण केलंय हे). आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, थंडी हिला मानवते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, मग अर्धा सेंटीमीटर माती वर टाकायची, जास्त खोल नको, आणि उगवेपर्यंत माती सुकू द्यायची नाही. मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं (दोघी एकाच कुळातल्या ना) त्यामुळे कुंडी निदान 8-10 इंच खोल हवी, आणि रोप मोठं झाल्यावर उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका.

काढताना बाहेरच्या काड्या बुडापासून कापा, मधला कोंब ठेवा, म्हणजे महिनोन्‌महिने पुरते. उन्हाळ्यात दुपारी सावलीत सरकवा.

कुरळ्या पानांची सजावटीला छान, पण खायला मला सपाट पानांचीच आवडते, चव जास्त असते. फोडणीत घालू नका हो, वास उडून जातो, गॅस बंद केल्यावर वरून घाला. आणि भरपूर आली तर लेबनॉनकडचं तबुले नावाचं सॅलड करा, त्यात पार्सली मूठभर नाही, जुडीच्या जुडी लागते, सोबत भिजवलेला बारीक बुलगुर (उकडून वाळवलेल्या गव्हाचा दलिया), टोमॅटो, पुदिना, लिंबू, ऑलिव्ह ऑइल.