उरलेले अन्न कोंबड्यांना घालताना या चुका टाळा

परसात कोंबड्या असल्या की घरातले उरलेसुरले अन्न वाया जात नाही, हे खरे आहे. मात्र त्याचे प्रमाण ठरवताना बहुतेकांची चूक होते. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यातला फार तर दहावा हिस्सा उरलेल्या अन्नाचा असावा. म्हणजे पाच कोंबड्यांना मिळून दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, जेमतेम एक मूठ. पातेलेभर भात पुढे ओतला तरी त्या तो हावरटपणे संपवतात आणि मालकाला वाटते की त्यांना तो मानवला. प्रत्यक्षात पोट भरलेली कोंबडी तिच्या नेहमीच्या खाद्याकडे वळतच नाही. लेयर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात) १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते; भात किंवा पाव ही गरज भागवू शकत नाही, आणि एका अंड्याच्या कवचालाच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते.

त्यामुळे कवच पातळ किंवा मऊ येऊ लागले, अंडी घटली अथवा कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या, तर उन्हाळा, वय आणि खुराड्यातली गर्दी यांबरोबरच उरलेल्या अन्नाचाही विचार करावा. ते काही दिवस पूर्ण थांबवावे आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. एरवीही सकाळी आधी लेयर खाद्य आणि दुपारनंतरच उरलेले अन्न, हा क्रम मोडू नये.

माणसाने टाकून दिलेले काहीही कोंबडीला चालते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. बुरशी आलेला पाव उकळून घातला तरी बुरशीचे विष बहुतांशी तसेच राहते. कुजलेल्या मांसातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा लकवा, होऊ शकतो. त्यात कोंबडीची मान लुळी पडते आणि बहुधा ती दगावते. शिळे अन्न चालेल, नासलेले नाही.

हिरवट बटाटा आणि त्याची साल, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि कच्चा राजमा कधीही घालू नये. राजम्यातले विष भरपूर उकळल्याने नष्ट होते, बटाट्यातले सोलॅनिन मात्र शिजवूनही टिकते. खारट पदार्थांनी कोंबड्या जास्त पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. काही देशांत स्वयंपाकघरातले अन्न कोंबड्यांना घालण्यास रोगप्रसाराच्या भीतीने कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहावा.

अन्न जमिनीवर न फेकता पसरट भांड्यात द्यावे आणि उरलेले अर्ध्या तासात उचलावे. रात्रभर राहिलेल्या अन्नावर उंदीर येतात आणि पुढे ते अंड्यांपर्यंत पोहोचतात.

लांब दोरेदार देठ बारीक चिरूनच द्यावेत, नाहीतर ते गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंतून बसतात. ही पिशवी रात्रीतून रिकामी होते, म्हणून सकाळी खाद्य घालण्यापूर्वी ती हाताने चाचपावी. ती टणक लागली, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास येत असला, तर उरलेले अन्न त्याच क्षणी बंद करून कोंबडी पशुवैद्यांना दाखवावी.