या चुका टाळा: लांब पल्ल्याच्या यॉट डिलिव्हरीतले कागद आणि मार्ग

हजारो सागरी मैलांवरच्या बंदरात यॉट पोहोचवायचं काम हाती आलं की आधी नकाशावर रेघ ओढली जाते आणि कागदपत्रं निघायच्या आठवड्यात गोळा होतात. पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात. पुढच्या बंदरात कधी शिरायचं हे वाऱ्यावर जेवढं ठरतं, तेवढंच मागच्या बंदरातून निघताना मिळालेल्या शिक्क्यावर आणि क्रूच्या व्हिसावरही ठरतं. म्हणून दोन्ही एकाच तक्त्यात, शेजारशेजारच्या रकान्यांत मांडा.

मालकाचं अधूरं पत्र

नोंदणी प्रमाणपत्र मूळच लागतं, झेरॉक्सवर भागत नाही. मालक सोबत नसेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र घ्या. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, स्किपरचं (बोटीच्या कप्तानाचं) नाव आणि पासपोर्ट क्रमांक, कुठून कुठे जायचं आणि पत्राची मुदत हे सगळं हवं. मुदत अंदाजापेक्षा दोन महिने जास्त ठेवा. गिअरबॉक्सच्या सुट्या भागासाठी बोट अडकली आणि तेवढ्यात पत्र संपलं, तर कस्टम्सला उत्तर देता येत नाही. विमा पॉलिसीत हाच मार्ग आणि हाच स्किपर लिहिलेला आहे ना, तेही बघा.

विक्रीनंतर झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला असेल तर एमएमएसआय क्रमांकही (बोटीची रेडिओवरची ओळख) बदलतो, कारण त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ), एआयएस (आपली जागा इतर बोटींना कळवणारं यंत्र) आणि ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा देणारं यंत्र), तिन्हींत नवा क्रमांक घाला. बऱ्याच व्हीएचएफ संचांत तो वापरणाऱ्याला एकदोनदाच भरता येतो, नंतर संच विक्रेत्याकडे न्यावा लागतो. यासाठी वेळ राखून ठेवा. ईपर्बची नोंदणी जुनीच राहिली तर संकटात बचाव केंद्राचा फोन जुन्या मालकाला जातो.

क्रू लिस्ट आणि व्हिसा

क्रू लिस्टच्या किमान 10 प्रती ठेवा आणि महिना अक्षरांत लिहा. 05/06 म्हणजे मे की जून, यावरून अर्ज परत येतात. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला रबरी शिक्का जवळ असला की बऱ्याच कार्यालयांत काम लवकर होतं.

बोटीवर रुजू व्हायला एकेरी तिकिटावर येणाऱ्याला स्किपरचं पत्र आणि क्रू लिस्टची प्रत आधी पाठवा, नाहीतर विमान कंपनी त्याला चढू देत नाही. मध्येच कोणी उतरत असेल तर इमिग्रेशनमध्ये त्याचं नाव यादीतून कमी करून घ्या. खासगी यॉटने अमेरिकेत शिरताना एस्टा (व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन प्रवास परवानगी) चालत नाही, व्हिसाच हवा. शेंगेन देशांत (युरोपातले सामायिक व्हिसाचे देश) व्हिसामुक्त किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावर असलेल्यांना 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं; हवामानासाठी थांबलेले दिवसही त्यातच मोजले जातात.

सरळ रेघ आणि टाकीतलं डिझेल

कॅनरी बेटं ते कॅरिबियन हे अंतर सुमारे 2700 सागरी मैल. सरासरी 5.5 ते 6 नॉट (ताशी सागरी मैल) धरली तर 19 ते 21 दिवस. उत्तर अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, म्हणून बोटी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा त्यानंतर निघतात. थेट पश्चिमेची रेघ ओढली तर वारा पडलेल्या पट्ट्यात अडकायची शक्यता वाढते; आधी दक्षिणेकडे उतरून व्यापारी वारे गाठले की अंतर वाढलं तरी दिवस वाचतात.

"वारा पडला तर इंजिन आहेच" हा हिशेब कागदावर करून बघा. टाकी 400 लिटरची, 5.5 नॉटला ताशी 4 लिटर खप. तळाचा गाळ आणि राखीव मिळून 20 टक्के सोडा. उरले 320 लिटर, म्हणजे 80 तास, म्हणजे 440 मैल. वाटेचा सहावा हिस्सासुद्धा नाही, आणि बॅटरी चार्ज करायचं डिझेल अजून धरलेलंच नाही.

मार्ग आखून झाला की इलेक्ट्रॉनिक नकाशा मोठा करून पूर्ण वाट तपासा. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराजोस खडकांवर रात्री आदळली. नकाशा लहान करून पाहिला की ते खडक नीट दिसत नव्हते.

शिक्का आधी, हवामान नंतर

सगळ्यात जास्त दिवस याच चुकीत जातात. निर्गमनाचा शिक्का मिळाल्यावर अनेक देशांत 24 तासांत निघावंच लागतं. शुक्रवारी शिक्का घेतला आणि शनिवारी वारा उलटा फिरला, तर एकतर वाईट हवेत निघा, नाहीतर सोमवारी पुन्हा सगळे अर्ज भरा. म्हणून अर्ज भरून, बंदराची बिलं चुकती करून तयार राहा आणि तीन दिवसांचा अंदाज स्थिर दिसला की त्याच सकाळी शिक्का घ्या.

पोहोचण्याची सूचनाही वेळेत जायला हवी. ऑस्ट्रेलियाला ती किमान 12 तास आधी लागते, न्यूझीलंडला किमान 48 तास. न्यूझीलंड बोटीचा तळ साफ असल्याचा पुरावाही मागतं. घासकाम आणि रंगाची पावती व तारखेसह फोटो ठेवा. पनामा कालव्यासाठी आधी बोटीची मोजणी, मग तारीख. स्किपरशिवाय दोर सांभाळणारे चार जण आणि 125 फुटांचे चार दोर लागतात.

मधल्या बंदरात शिरावं लागलं तर

डोलकाठीचा ताण-तार तुटला, क्रू आजारी पडला, तर शिक्क्यावर नसलेल्या बंदराकडे वळावंच लागतं. काही ठिकाणी शिक्क्यावर पुढच्या बंदरासोबत "आणि मधली बंदरं" असं लिहून मिळतं; तसं लिहून मागा. नाही मिळालं तर वळायचं ठरवलं त्याच क्षणी लॉगबुकमध्ये वेळ, स्थान आणि कारण लिहा, तुटलेल्या भागाचा फोटो काढा, प्रादेशिक हद्दीत पिवळा क्यू झेंडा (प्रवेशाची परवानगी बाकी असल्याची खूण) चढवा आणि बंदराला व्हीएचएफवर कळवा. परवानगी मिळेपर्यंत एकट्या स्किपरनेच, कागदांची फाइल घेऊन, किनाऱ्यावर उतरायचं.