डोळे मिटले की तोल का जातो? साठीनंतर घरच्या घरी करायचा सराव

आरतीच्या वेळी डोळे मिटून उभे राहिलेले आजोबा हलकेच डुलतात. भक्तीचा भाग असेलही, पण बराचसा भाग तोलाचा असतो.

हात-पाय कुठे आहेत हे न पाहताही कळतं, कारण स्नायू, सांधे आणि तळपायाची त्वचा मेंदूला सतत खबर देत असतात. शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' म्हटलं. वयाबरोबर ही खबर मंदावते, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही थकते. मग सगळी भिस्त डोळ्यांवर येते. म्हणून तर दिवे गेले किंवा तोंडाला साबण लावला की पाय चुकतो.

आधी परीक्षा घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात, पुढे खुर्ची ठेवून, कुणाला तरी शेजारी उभं करून पावलं जुळवा. ३० सेकंद डोळे उघडे, मग ३० सेकंद मिटून. थोडं डुलणं चालतं. पाऊल टाकून सावरावं लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह आणि बी-१२ची कमतरता या दोन्हींमुळे तळपाय बधिर होतात, आणि शाकाहारी घरांत बी-१२कडे हमखास दुर्लक्ष होतं.

आता सराव. स्वयंपाकाच्या ओट्याइतकी चांगली जागा नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला बोटं टेकवून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्यावर. जमू लागलं की एकच बोट टेकवा. नंतर ओट्याच्या कडेने, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चाला.

खुर्चीवरून हात न टेकता उठा. बसताना मात्र तीनपर्यंत मोजत, सावकाश. धपकन बसणं हीच खरी चोरी, कारण खाली जाताना लागणाऱ्या ताब्याचा सरावच होत नाही.

पंधरा दिवसांनी सरावात आणखी एक गोष्ट वाढवा: चालताना सातचा पाढा उलटा म्हणा. स्वीडनमधल्या १९९७ च्या एका अभ्यासात, बोलायला लागताच चालणं थांबवणारे वृद्ध पुढे जास्त पडल्याचं दिसलं. चालण्याकडे इतकं लक्ष द्यावं लागतं, की बोलायला उरतच नाही.

डोळे मिटून करायचे प्रयोग एकट्याने नकोत. जाड, मऊ तळव्यांच्या चपला सरावाला नकोत, त्यांत जमीन लागतच नाही. आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा एक छोटा दिवा आजच लावा, सराव उद्यापासून केला तरी चालेल.