टर्फचा जोड दिसू नये म्हणून
घरामागे बॉक्स क्रिकेटसाठी टर्फ (कृत्रिम गवत) टाकलं की दोन रोलचा जोड लांबूनच दिसतो, एक पट्टा गडद एक फिका. बहुतेक वेळा पात्यांची दिशा उलटसुलट पडलेली असते.

१. रोल उलगडून २-३ तास उन्हात पडू द्या, सुरकुत्या निघतात.
२. हात फिरवून पाती कुठं झुकतात बघा आणि प्रत्येक रोलच्या पाठीवर खडूने बाण काढा, टाकताना सगळे बाण एकाच दिशेला, हे खरंच सगळ्यात महत्त्वाचं आहे.
३. कडेची बिनगवताची पट्टी पाठीमागून कटरने कापा, जोडात शिलाईच्या दोन ओळींमध्ये असते तेवढीच फट ठेवा, मग खाली जॉइंट टेप आणि गोंद.

टर्फखालचा बेस ओला असेल तर थांबा, गोंद धरत नाही.