गिम्पमध्ये आपला ब्रश चालत नाही? बिघाड असा शोधा

गिम्प म्हणजे चित्रं काढायचा आणि फोटो सुधारायचा संगणक प्रोग्रॅम; त्यातला ब्रश म्हणजे रेघ ओढताना पुन्हा पुन्हा उमटणारा ठसा. इंटरनेटवरून असा ब्रश उतरवून घेतला आणि तो यादीत दिसतच नाही. दिसला तर उमटत नाही. उमटला तर भोवती राखाडी चौकट घेऊन येतो. गिम्प वापरणाऱ्या प्रत्येकाला यातलं काहीतरी कधी ना कधी भेटतंच. त्यावर बहुतेकजण सगळ्या सेटिंग्ज एकदम बदलतात, आणि मग मूळ दोष कुठे होता हेही कळेनासं होतं.

म्हणून आधी एकच चाचणी करा. नवीन कोरी, पांढरी इमेज उघडा. 'पेंटब्रश' घ्या, गिम्पबरोबर आलेला कडक कडेचा गोल ब्रश निवडा, रंग काळा, 'ओपॅसिटी' १००, 'मोड' नॉर्मल, आणि एक रेघ ओढा. रेघ आली तर दोष तुमच्या ब्रशमध्ये किंवा तुमच्या मूळ इमेजमध्ये आहे. नाही आली तर दोष टूलच्या सेटिंगमध्ये आहे आणि ब्रशला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं या एका रेघेवर अवलंबून आहे, ती चुकवू नका.

कोऱ्या इमेजवर चालतो, माझ्या चित्रावर नाही

हा सर्वात सोपा प्रकार. चित्रात कुठेतरी एखादं छोटं सिलेक्शन (निवडलेला भाग) राहिलेलं असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच उमटतो. शिफ्ट-कंट्रोल-ए दाबा, सिलेक्शन जाईल. मग लेअर्सच्या, म्हणजे चित्राच्या एकावर एक असलेल्या थरांच्या, पॅनलमध्ये बघा: निवडलेल्या लेअरचा डोळा चालू आहे का, पिक्सेल किंवा अल्फाचं (पारदर्शकतेचं) कुलूप लागलंय का, लेअरऐवजी लेअर ग्रूप तर निवडलेला नाही ना. लेअरला मास्क (थराचा काही भाग झाकणारा पडदा) असेल तर कोणत्या छोट्या चित्राभोवती पांढरी कड आहे तेही पाहा. मास्क निवडलेला असताना लाल रंग फिरवला तर लाल काही येत नाही, उलट चित्रच विरळ होत जातं.

इमेज जीआयएफमधून आलेली असेल तर ती 'इंडेक्स्ड', म्हणजे मोजक्याच रंगांच्या, मोडमध्ये असते आणि तिथे मऊ कडेचा ब्रशही करवतीच्या दात्यांसारखा उमटतो. 'इमेज', 'मोड', 'आरजीबी' एवढं केलं की सुटलं.

ब्रश यादीत दिसतच नाही

'एडिट' मेनूतून 'प्रेफरन्सेस' उघडा, डावीकडे 'फोल्डर्स', त्याखाली 'ब्रशेस'. तिथे दोन पत्ते दिसतील: एक प्रोग्रॅमचा, एक तुमचा. तुमच्याच फोल्डरमध्ये फाइल टाकायची. विंडोजवर हा पत्ता 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरच्या आत असतो, त्यामुळे शोधत बसू नका, पत्ता इथूनच कॉपी करा. पत्त्यात आवृत्तीचा आकडाही असतो. मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं; त्यानंतर नवीन आवृत्ती वापरणारे काहीजण ब्रश मात्र सवयीने २.१० च्या फोल्डरमध्येच टाकत राहतात. नव्या गिम्पला ते दिसणार कसे?

फाइल टाकून झाली की ब्रशच्या पॅनलच्या तळाशी असलेलं 'रिफ्रेश'चं बटण दाबा. गिम्प बंद करून पुन्हा उघडायची गरज नाही. तरीही दिसत नसेल तर:

१. झिप फाइल तशीच तर टाकली नाही ना? ती आधी उलगडावी लागते.

२. फाइलचा प्रकार कोणता? गिम्पचे स्वतःचे प्रकार जीबीआर, जीआयएच आणि व्हीबीआर. फोटोशॉपच्या एबीआर फाइल्सही बऱ्याचदा चालतात, पण सगळ्या नाहीत, आणि चालल्या तरी ठशाचा आकार तेवढा येतो. दाब, विखुरणं, पोत या फोटोशॉपमधल्या करामती मागेच राहतात. प्रोक्रिएट, क्रिटा किंवा क्लिप स्टुडिओचे ब्रश टाकून पाहू नका.

३. पॅनलच्या वरच्या चौकटीत एखादा टॅग लिहिलेला राहिलाय का? त्या टॅगबाहेरचे सगळे ब्रश तेवढ्याने लपतात.

४. तुम्ही ज्या नावाने शोधताय ते फाइलचं नाव आहे का? जीबीआर ब्रश असेल तर यादीत फाइलचं नाव येत नाही, ब्रश एक्स्पोर्ट करताना दिलेलं 'डिस्क्रिप्शन' येतं.

भोवती चौकट येते, किंवा निवडलेला रंग घेत नाही

स्वतः केलेल्या ब्रशचं खरं दुखणं इथे आहे. समजा, कागदावर शाईचा एक डाग पाडून तो स्कॅन केला आणि त्याचा ब्रश केला. डोळ्यांना कागद पांढरा दिसतो, स्कॅनरला नाही. ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे शुद्ध पांढरं अशी मोजणी असते; ब्रशमध्ये २५५ असेल तिथे काहीच उमटत नाही. कागद २४८ वर असेल तर त्या जागी अगदी पुसटसा रंग पडतो. एका ठशात तो कळत नाही. ठशावर ठसे पडत गेले की चौकोन ठळक होत जातो.

उपाय असा. जीबीआर फाइल गिम्पमध्ये साध्या चित्रासारखी उघडते, ती उघडा. आता पार्श्वभूमीचा रंग पांढरा आहे याची खात्री करा आणि 'इमेज' मेनूतून 'फ्लॅटन' करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण फ्लॅटन करताना पारदर्शक जागा पार्श्वभूमीच्या रंगाने भरली जाते. तिथे काळा असला तर अख्खा ब्रश म्हणजे एक काळा चौकोन होऊन बसतो. मग 'मोड' ग्रेस्केल (फक्त काळ्या-पांढऱ्याच्या छटा) करा. 'कलर्स' मेनूतलं 'लेव्हल्स' उघडून उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा, कागदाचे डाग पूर्ण जाईपर्यंत. कडेला काही उरलंच तर पांढऱ्या रंगाने पुसून घ्या. शेवटी 'एक्स्पोर्ट ॲज', नावाच्या शेवटी डॉट जीबीआर, आणि फोल्डर तुमचा ब्रशवाला.

रंगाचा घोटाळाही याच वाटेने सुटतो. आरजीबी, म्हणजे रंगीत, इमेजमधून केलेला ब्रश स्वतःचे रंग घेऊन येतो. तुम्ही निळा निवडा नाहीतर केशरी, त्याला फरक पडत नाही. ग्रेस्केल ब्रश मात्र निवडलेला रंग घेतो. फुलापानांचे रंगीत ठसे हवे असतील तर आरजीबी ठेवा, बाकी सगळ्याला ग्रेस्केल.

रेघ तुटक येते, कडा धूसर दिसतात

बोरूसारखं टोक करून संगणकावर देवनागरी अक्षरं काढायची हौस अनेकांना असते. त्यासाठी चित्रातून ब्रश करण्यापेक्षा ब्रशच्या पॅनलमधून नवीन ब्रश घ्या आणि एडिटरमध्येच घडवा: 'शेप' चौकोनी, 'हार्डनेस' पूर्ण, 'ॲस्पेक्ट रेशो' वाढवत न्या म्हणजे टोक पट्टीसारखं चपटं होईल, आणि 'अँगल' फिरवत 'अ' काढून पाहा. काना हवा तेवढा जाड आणि तिरकी रेघ हवी तेवढी बारीक झाली की थांबा. अशा पातळ टोकाने रेघ ओढली की सुटे सुटे तुकडे पडतात. ते 'स्पेसिंग'मुळे: दोन ठशांतलं अंतर. ते अगदी कमी करा, १ ते ५ पर्यंत. मोठ्या ब्रशला एवढं कमी स्पेसिंग दिलं तर संगणक रखडतो, म्हणून हे फक्त बारीक टोकांसाठी. हात थरथरत असेल तर टूल ऑप्शन्समधलं 'स्मूद स्ट्रोक' चालू करा. माउसवर तर ते लागतंच.

एडिटरच उघडत नाही किंवा त्यात काही बदलता येत नाही, अशी तक्रार असेल तर तुम्ही बहुधा गिम्पबरोबर आलेला ब्रश उघडलाय. त्याची 'डुप्लिकेट' काढा आणि ती बदला. जीबीआर ब्रश मात्र तिथे बदलताच येत नाही, तो वर सांगितल्याप्रमाणे चित्र म्हणून उघडावा लागतो.

धूसर कडांचं कारण बहुतेकदा आकार. ६० पिक्सेलचा ठसा ५०० पर्यंत ताणला तर तो फुटणारच. आकाराच्या पट्टीशेजारचं रिसेटचं बटण ब्रशला मूळ मापावर आणतं. ते दाबलं की ब्रश मुळात केवढा आहे हे लगेच कळतं.

पेनचा दाब लागत नाही

हे टॅब्लेटच्या (चित्रं काढायच्या पाटीच्या) पेनबद्दल. 'एडिट' मेनूत 'इनपुट डिव्हायसेस' उघडा, तुमच्या पेनचं नाव शोधा आणि त्याचा मोड 'डिसेबल्ड' असेल तर 'स्क्रीन' करा. मग टूल ऑप्शन्समध्ये 'डायनॅमिक्स'मधून 'प्रेशर साइझ' निवडा. यातलं एकच केलं तर काही होत नाही, दोन्ही लागतात. गिम्प चालू असताना टॅब्लेट जोडला असेल तर एकदा गिम्प बंद करून उघडलेलं बरं.

पहिल्या चाचणीतली साधी काळी रेघच उमटली नसेल तर टूल ऑप्शन्सच्या तळाशी उजव्या कोपऱ्यातलं रिसेटचं बटण दाबा. शिफ्ट धरून दाबलं तर सगळ्याच टूलच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात; तुम्ही जपून लावलेल्या असतील त्याही जातात, तेव्हा आधी शिफ्टशिवाय दाबून बघा.