रोज एक सूपभर : कोकणातलं घर थोडं थोडं कसं आवरावं

कोकणातल्या घरातला पसारा एकट्याचा कधीच नसतो. आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांचं तांब्याचं घंगाळ आहे, त्याच्या पोटात मुंबईच्या पुतण्याची दहावीची पुस्तकं, आणि त्यावर पालथं घातलेलं जुन्या गणपतीचं थर्माकोलचं मखर. 'एका रविवारी घर रिकामं' हा बेत इथे चालत नाही. मालवणजवळच्या आमच्या घरात मी तो एकदा करून पाहिला. सकाळी माळ्यावरचं सगळं खळ्यात उतरवलं, दुपारी आभाळ भरून आलं, आणि संध्याकाळी तोच पसारा ओला होऊन परत माळ्यावर गेला.

तेव्हापासून माझं माप सुपाचं. तांदूळ पाखडायच्या सुपात मावेल तेवढंच एका दिवशी बाहेर काढायचं, आणि ते मार्गी लागल्याशिवाय दुसरं सूप भरायचं नाही. काम अर्ध्या तासाचं, फार तर पाऊण.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत बांधलेल्या गाठोड्याला दिवाळीपर्यंत बुरशी धरते. मेच्या मध्यावर थांबायचं, कारण तोवर अगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला घ्यावी लागते. सोलं, सुकी मासळी, पापड, लाकडं यांना जागा हवी असते.

पहिलं सूप : डबे आणि झाकणं

माळ्याला आधी हात लावू नका. तिथल्या प्रत्येक वस्तूला गोष्ट असते, ती ऐकण्यात दिवस जातो. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला काही गोष्ट नसते. सगळे डबे आणि झाकणं जमिनीवर मांडा आणि जोड्या लावा. माझ्याकडे झाकणं निघाली ३१, डबे १९ आणि नीट बसणाऱ्या जोड्या १४.

उरलेल्या डब्यांकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "आसांदे गो, कधीतरी लागतला." या वाक्याशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. मी विचारलं, "आई, ह्यात काय घालूया?" त्यांनी तिघांची कामं सांगितली : कपड्यांचे चिमटे, मिरचीचं बी, बटणं. ते लगेच, तिथल्या तिथे भरून टाकलं. बाकीच्या दोघांना काम सुचलं नाही, ते त्यांनी स्वतःच बाजूला सारले. नाव सांगता येईल ते राहील, हा नियम त्या दिवसापासून घरात लागू झाला.

चिनीमातीच्या बरण्यांना बोटाच्या गाठीने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठेवा. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, त्यात लोणचं टिकणार नाही.

कपडे

सुती लुगडी आणि साड्या वाकळीसाठी वेगळ्या काढा, पण दोनच वाकळींपुरत्या. शिवणारे हात किती उरलेत ते आपल्याला ठाऊक असतं. नायलॉनच्या साड्या वाकळीत घसरतात, त्या ठेवू नका. जे ठेवायचं त्याला उलटसुलट करून कडक ऊन दाखवा आणि पूर्ण निवल्यावरच ट्रंकेत घाला.

कागद : इथे मात्र घाई नको

जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा मी न बघता न्हाणीच्या चुलीत घातला होता. त्यात एका फेरफाराची नक्कल होती. ती पुन्हा काढायला एका कार्यालयात चार खेपा झाल्या. म्हणून दिवसाला दोनच गठ्ठे, आणि प्रत्येक पान उलटून. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचे कागद, घरपट्टीच्या पावत्या ठेवायच्याच. सातबारा आणि आठ-अ आता डिजिटल सहीचे ऑनलाइन मिळतात, त्यामुळे त्यांच्या दहा-दहा जुन्या नकला सांभाळायची गरज नाही. जुनी हस्तलिखित मात्र राहू द्या. ट्रंक भिंतीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते.

माळा आणि मागची पडवी

हे काम उजेडात करा, पायांत बूट आणि हातात काठी घेऊन. काहीही उचलण्याआधी काठीने ठोका. लाकडांत, झावळ्यांत, जुन्या पोत्यांत विंचू हमखास असतो. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी बरीच माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तेव्हापासून चित्र बदललं. तरी डंख झालाच तर मंत्र-पाला करत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

मुंबईकरांच्या वस्तूंचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि खाली लिहा : "मे महिन्यात येताना न्या." 'द्या कोणालातरी' असं उत्तर आलं तर तो मेसेज पुसू नका. गणपतीत "माझी सायकल कुठाय?" हे विचारलं जातंच.

भांडी मोडीत घालायची असतील तर तांबं, पितळ, कासं वेगवेगळं करा, कारण भाव वेगवेगळे असतात. भंगारवाला येण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून कागदावर लिहून ठेवा. आणि भावांना विचारल्याशिवाय घंगाळ विकू नका. एका घंगाळापायी बोलणं तुटलेली दोन घरं आमच्याच वाडीत आहेत.

थर्माकोलच्या मखराचं दुखणं वेगळं. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, म्हणून माळ्यावर राहिलंय ते त्याआधीचं. जाळू नका, त्या धुराने घसा धरतो. वहाळात तर अजिबात नको. वहाळात टाकलेलं समुद्रात जातं आणि रापण ओढली की मासळीबरोबर जाळ्यात परत येतं, किनाऱ्यावर उभं राहून बघा कधी. ग्रामपंचायत प्लास्टिक गोळा करत असेल तर तिथे द्या. नसेल तर तुकडे करून पोत्यात बांधा आणि तालुक्याच्या गावी कचरा घेतात तिथे पुढच्या खेपेला घेऊन जा. आमचं पोतं रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून गेलं. रिक्षावाल्याने त्याचं वेगळं भाडं मागितलं, आणि मी दिलंही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जे सूप हातात असेल ते पुरं करा आणि थांबा. अर्धवट उघडलेली ट्रंक पहिल्या सरीच्या आत बंद झाली पाहिजे. राहिलेला माळा दसऱ्यानंतर.